भाजी रोज होते, पण ताटात किती पोहोचते? आठवड्याच्या भाजीचे नियोजन, टप्प्याटप्प्याने

आहार सुधारायचे ठरले की बहुतेक घरांत पहिल्या दिवशी दुधीचा रस काढला जातो, दुसऱ्या दिवशी काकडी-गाजराचे सॅलड होते आणि पंधरवड्याच्या आत सगळे पूर्ववत होते. घरातल्या कोणालाही विचारले तर ‘आमच्याकडे दोन्ही वेळा भाजी असतेच’ असे उत्तर मिळते आणि ते खरेही असते. मात्र चार पोळ्यांबरोबर ताटात पडलेली भाजी वजन करून पाहिली, तर तेवढ्यावर भिस्त ठेवता येणार नाही हे लगेच कळते. भाजी कमी विकत घेतली जाते, घेतलेल्यातली काही फ्रिजमध्ये सडते, उरलेलीतले सत्त्व धुताना आणि पिळताना मोरीत जाते आणि शेवटी ती चमच्याने, तोंडी लावण्यापुरती वाढली जाते. पुढे दिलेले टप्पे याच गळत्या बंद करण्यासाठी आहेत आणि ते दिलेल्या क्रमानेच घ्यावेत.

सुरुवात करण्यापूर्वी: लक्ष्य किती?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक सूचनांनुसार, दिवसाला सुमारे २००० किलोकॅलरी लागणाऱ्या प्रौढाच्या आहारात ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, २५० ग्रॅम धान्ये, ८५ ग्रॅम डाळी व कडधान्ये (सामिष घरांत अंडी, मासे व मांस याच हिश्श्यात), ३५ ग्रॅम दाणे व तेलबिया, २७ ग्रॅम तेल-तूप आणि ३०० मिलिलिटर दूध किंवा दही असावे. ही वजने शिजवण्यापूर्वीची आहेत. मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने भाज्या व फळे मिळून दिलेले प्रमाण असे आहे: २ ते ५ वर्षे २५० ग्रॅम, ६ ते ९ वर्षे ३५० ग्रॅम आणि त्यापुढे किमान ४०० ग्रॅम. बटाटा आणि रताळे या हिशेबात धरलेले नाहीत, कारण ते पिष्टमय आहेत आणि ताटात त्यांची जागा भाताशेजारी आहे.

एवढे प्रमाण का लागते, हेही थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. भाज्यांतील पोटॅशियम जेवणातील सोडियमच्या परिणामाला आळा घालून रक्तदाब आटोक्यात ठेवण्यास मदत करते. तंतूंमुळे जेवणानंतरची साखर सावकाश वाढते, कोलेस्टेरॉल काही प्रमाणात कमी होते आणि मोठ्या आतड्याचे काम नीट चालते. हृदयविकार, पक्षाघात आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचा धोका कमी होण्याशी हे सारे जोडलेले आहे. मात्र हा परिणाम अनेक वर्षांच्या रोजच्या जेवणातून होतो. आठवड्यातून एकदा भरपूर सॅलड खाऊन उरलेल्या सहा दिवसांची भरपाई होत नाही.

टप्पा १. तीन दिवस काहीही न बदलता फक्त मोजा

स्वयंपाकघरातला साधा वजनकाटा घ्यावा आणि भाजी निवडून, सोलून, चिरून झाल्यावर, म्हणजे कढईत पडण्यापूर्वी, तिचे वजन कागदावर लिहावे. दिवसाची बेरीज करून तिला जेवणाऱ्या माणसांच्या संख्येने भागावे. तीन दिवसांत एक दिवस रविवारचा असावा, कारण त्या दिवशी बाहेरचे खाणे होते आणि खरे चित्र दिसते.

मोजताना तीन ठिकाणी फसगत होते. पहिली, बटाट्याची: फ्लॉवर-बटाट्याच्या भाजीत फक्त फ्लॉवर मोजावा. दुसरी, फोडणीतल्या कांदा-टोमॅटोची: तो मोजायला हरकत नाही, पण केवळ त्याच्या बळावर हिशेब पूर्ण झाला असे समजू नये. तिसरी फसगत डाळीच्या पदार्थांची आहे. पिठले, शेवभाजी किंवा मटकीची उसळ केली त्या वेळी भाजीची जागा डाळीने घेतलेली असते. नाशिकमध्ये राहून मिसळीविरुद्ध बोलण्याचे धाडस कोणी करू नये आणि मोड आलेल्या मटकीत वावगे काहीच नाही. परंतु तर्री, फरसाण आणि पाव यांच्यासह झालेली ती न्याहारी भाजीच्या रकान्यात लिहिता येत नाही.

तपासा: तीन दिवसांची सरासरी माणशी २०० ग्रॅमच्या आत असेल, तर एकदम ४०० वर उडी मारू नये. दर आठवड्याला माणशी ५० ग्रॅम वाढवत न्यावे. तंतू अचानक वाढले की पोट फुगते, वायू होतो आणि ‘आम्हाला भाज्या मानवत नाहीत’ असा चुकीचा निष्कर्ष काढला जातो. या काळात पाणीही पुरेसे प्यावे.

टप्पा २. आठवड्याचा हिशेब कागदावर करा

नवरा, बायको, सासूबाई आणि आठ वर्षांचे मूल असे घर धरू. तीन मोठ्यांचे १२०० ग्रॅम आणि मुलाच्या ३५० ग्रॅममधून फळांचे १०० वजा करून २५० ग्रॅम, म्हणजे दिवसाला १४५० ग्रॅम भाजी होते. सात दिवसांचे सुमारे १० किलो झाले, तेही निवडलेल्या भाजीचे. मेथीच्या जुडीतून मुळे व काड्या काढल्या, मटाराच्या शेंगा सोलल्या किंवा फ्लॉवरची पाने व दांडा काढला की हाती येणारे वजन बरेच घटते. म्हणून बाजारातून १२ ते १३ किलो आणावी लागते. शिवाय फळे सुमारे ३ किलो. चार माणसांच्या घरात आठवड्याला पाच-सहा किलो भाजी येत असेल, तर पुढच्या कोणत्याही टप्प्यावर कितीही काळजी घेतली तरी गणित जुळणार नाही.

या १० किलोची साधारण फोड अशी करावी: पाव हिस्सा पालेभाज्या, पाव हिस्सा कच्चे खाता येईल असे (काकडी, गाजर, मुळा, टोमॅटो, बीट, कोबी) आणि उरलेला निम्मा भाग फळभाज्या व शेंगभाज्या. केशरी रंगाचे काहीतरी, म्हणजे गाजर किंवा लाल भोपळा, आठवड्यातून दोनदा असावे.

टप्पा ३. खरेदी: दिवस, वेळ आणि प्रश्न

सगळी भाजी एकदाच आणणे ही सर्वांत खर्चिक चूक आहे, कारण शेवटच्या दोन दिवसांत पालेभाजी कचऱ्यात जाते आणि मग शुक्रवार-शनिवारी बटाट्यावर वेळ मारून नेली जाते. आठवड्यात दोन फेऱ्या कराव्यात. नाशिकमध्ये गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीच्या घाटावरच्या, बुधवारच्या बाजारात मोठी खरेदी करणाऱ्यांनी शनिवारी किंवा रविवारी घराजवळच्या भाजीवाल्याकडून दुसरी, लहान खरेदी करावी. भद्रकालीत किंवा उपनगरांतल्या मंडयांत रोज जाणे शक्य असेल, तर पालेभाजी त्या त्या दिवशीच घेणे अधिक चांगले.

संध्याकाळी उशिरा भाव उतरतात, वाट्यावर भाजी मिळते आणि पिशवी लवकर भरते. पण दिवसभर उन्हात राहिलेल्या आणि वरून पाणी मारलेल्या पालेभाजीचा तो व्यवहार महागात पडतो. टोमॅटो, दुधी, भोपळा, कोबी, वांगी यांसाठी उशिराची वेळ चालते. पाला मात्र सकाळी घ्यावा. जुडी उलटी करून बुडखा पाहावा: तो काळपट आणि बुळबुळीत असेल, तर वरची पाने कितीही टवटवीत दिसली तरी ती परत ठेवावी. भेंडीचे टोक चटकन मोडले पाहिजे, वांग्याचा देठ हिरवा असावा आणि गवार वाकवल्यावर तुटावी.

हंगाम पाळणे हा काटकसरीचाच नव्हे तर सातत्याचाही मार्ग आहे. थंडीत मेथी, पालक, गाजर, मटार, मुळा हे सगळे एकदम येतात, तेव्हा ४०० ग्रॅमचे लक्ष्य फारसे जड जात नाही. खरी परीक्षा उन्हाळ्यात आणि ऐन पावसात असते. उन्हाळ्यात दुधी, काकडी, दोडका, गवार, लाल भोपळा आणि घोळीची भाजी यांवर भर द्यावा. पावसाळ्यात पालेभाजी चिखलाने भरलेली आणि लवकर सडणारी असते, त्यामुळे वेलीवरच्या भाज्यांचे प्रमाण वाढवावे. याच दिवसांत पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांतल्या बायका करटोली, टाकळा, कुर्डू अशा रानभाज्या विकायला आणतात. त्या अवश्य घ्याव्यात, पण ती भाजी कशी निवडायची आणि कशी शिजवायची हे त्यांनाच विचारावे.

सावधान: शेवळे, तेरा यांसारख्या रानभाज्या नीट निवडून, आंबट घालून, पूर्ण शिजवल्या नाहीत तर घसा व जीभ खाजते. मोबाइलमधला फोटो पाहून स्वतः रानात भाजी खुडण्याचा प्रयोग करू नये.

टप्पा ४. घरी आल्यावरचा पहिला अर्धा तास

पिशवी तशीच फ्रिजमध्ये कोंबली की आठवड्याचे नियोजन तिथेच संपते. आधी सगळी भाजी पसरावी आणि जी लवकर खराब होणार ती पुढे, टिकणारी मागे, अशी लावावी. पालेभाजी आणि कोथिंबीर धुऊन ठेवू नये. मुळे कापून, पिवळी पाने काढून, कोरड्या सुती कापडात सैल गुंडाळावी. वर्तमानपत्राची शाई भाजीला लागते म्हणून ते वापरू नये. गाजर-मुळ्याचा पाला लगेच वेगळा करावा, कारण तो कंदातले पाणी ओढून घेतो. मुळ्याच्या पाल्याची भाजी दुसऱ्याच दिवशी करता येते. कांदे आणि बटाटे एका टोपलीत ठेवू नयेत, दोन्ही अंधाऱ्या व हवेशीर जागी वेगवेगळे ठेवावेत. हिरवट झालेला किंवा खूप मोड आलेला बटाटा टाकून द्यावा.

खाण्याचा क्रम असा ठेवावा: पहिले दोन दिवस पालेभाज्या, मग भेंडी, गवार, दोडका, वांगी आणि शेवटी कोबी, गाजर, बीट, भोपळा. हा क्रम लिहून फ्रिजच्या दारावर लावला की रोज संध्याकाळी ‘आज काय करू’ हा प्रश्न निम्म्याने हलका होतो.

टप्पा ५. धुवा, मग चिरा

हा क्रम उलटा करणारी घरे अजून पुष्कळ आहेत. चिरलेली भाजी पाण्यात पडली की क जीवनसत्त्व, फोलेट आणि इतर पाण्यात विरघळणारी द्रव्ये तिच्यातून निघून जातात. आख्खी भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावी. पालेभाजीसाठी मोठे पातेले पाण्याने भरावे, त्यात पाने बुडवून हलवावीत आणि पाने हाताने वर काढून घ्यावीत. पातेले चाळणीत उपडे करू नये, नाहीतर तळाशी बसलेली माती पुन्हा भाजीवर येते. पाणी बदलून हे दोन-तीनदा करावे.

तपासा: शेवटच्या पाण्याच्या तळाशी बोट फिरवल्यावर कण लागता कामा नये.

धुण्याने पृष्ठभागावरची माती, जंतू आणि काही प्रमाणात फवारणीचे अवशेष जातात. भाजीच्या आत शोषलेले औषध मिठाच्या किंवा सोड्याच्या पाण्याने पूर्ण निघते असे समजू नये. कोबीची बाहेरची पाने काढून टाकणे आणि एकाच भाजीवर अवलंबून न राहता भाज्या बदलत राहणे हे उपाय साधे असले तरी उपयोगी आहेत.

चिरताना फोडी मोठ्या ठेवाव्यात आणि चिरणे शक्यतो फोडणीच्या वेळीच करावे. नोकरीमुळे रात्रीच चिरून ठेवणे भाग असेल, तर गवार, फरसबी, गाजर, भोपळा चिरून झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवावे आणि पालेभाजी फक्त निवडून ठेवावी. थोडे नुकसान होईल, पण भाजीच न करण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

टप्पा ६. शिजवणे: इथेच सर्वाधिक हानी होते

मेथीला मीठ चोळून पिळणे, पालक उकडून पाणी ओतून देणे, कारल्याचा रस पिळून टाकणे, भाजीचा हिरवा रंग टिकावा म्हणून चिमूटभर सोडा घालणे: चारही सवयी सुगृहिणीच्या कसबात गणल्या जातात, आणि चारही सोडण्यासारख्या आहेत. सोड्याने क जीवनसत्त्व आणि ब१ जीवनसत्त्व नष्ट होते. मेथीचा कडवटपणा कमी करायचा असेल, तर मूगडाळ घालावी, पीठ पेरावे किंवा लसणाची फोडणी थोडी वाढवावी. पालकाला मात्र अपवाद आहे: ज्यांना ऑक्झलेटचे मुतखडे झाले आहेत त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने पालक मर्यादित ठेवावा, आणि खाल्ल्यास उकडून पाणी टाकून खावा.

पद्धत अशी असावी. फोडणी झाल्यावर भाजी घालून दोन मिनिटे परतावी, झाकण ठेवून झाकणावर पाणी ठेवावे आणि मंद आचेवर तिच्या अंगच्या पाण्यात वाफ काढावी. पालेभाजीला काही मिनिटे पुरतात, आणि ती दाताला किंचित लागेल अशी असतानाच आच बंद करावी. काही उकडावे लागलेच, तर ते पाणी आमटीत किंवा कणकेत जिरवावे. टोमॅटो आणि गाजर शिजवल्याने त्यांतील लायकोपीन व बीटा-कॅरोटीन शरीराला अधिक सहज मिळते, त्यासाठी थोडे तेल-तूपही लागते. म्हणून सगळे कच्चेच खावे किंवा सगळे बिनतेलाचे करावे, या दोन्ही टोकांना जाण्याचे कारण नाही.

लोखंडी कढईत केलेल्या भाजीत थोडे लोह उतरते, विशेषतः आंबट पदार्थात. भाजी तयार होताच ती दुसऱ्या भांड्यात काढावी, नाहीतर ती काळी पडते. लिंबू वाढताना पिळावे, कढईत नव्हे, कारण उष्णतेने क जीवनसत्त्व कमी होते आणि भाजीतले लोह शोषले जाण्यासाठी तेच हवे असते. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतल्यास लोहाचे शोषण घटते, त्यामुळे मध्ये किमान तासभर जाऊ द्यावा. दुपारच्या जेवणानंतर लगेच चहा ठेवणाऱ्या घरांत ही सूचना फारशी आवडत नाही, पण रक्त कमी असलेल्या स्त्रियांच्या बाबतीत ती पाळलीच पाहिजे.

सावधान: दुधी, काकडी किंवा दोडका शिजवण्यापूर्वी छोटा तुकडा चाखावा. कडू लागला तर तो तात्काळ थुंकून सगळे फळ टाकून द्यावे. कडू दुधीचा रस प्याल्याने गंभीर विषबाधा होते आणि भारतात त्याने मृत्यूही झाले आहेत.

टप्पा ७. वाढण्याचा क्रम बदला

आपल्याकडे पोळी आधी पडते आणि भाजी तिच्या मापाने घेतली जाते. ते उलट करावे: रिकाम्या ताटात आधी अर्ध्या जागेत भाजी आणि कोशिंबीर, पाव जागेत घट्ट वरण किंवा उसळ आणि उरलेल्या जागेत पोळी, भाकरी किंवा भात. चमच्याऐवजी डाव वापरावा. मधुमेह असलेल्यांनी कोशिंबीर व भाजीचे काही घास आधी खाऊन मग पोळीला हात लावल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते.

४०० ग्रॅम दोन जेवणांत बसत नाहीत, असा अनुभव बहुतेकांना येतो. त्यासाठी न्याहारीच्या पोह्यांत मटार-गाजर, थालीपिठात किसलेला दुधी किंवा कोबी आणि वरणात शेवगा किंवा पालक घालावा. धान्यात गव्हाची मक्तेदारी मोडून आठवड्यातून तीन-चार वेळा बाजरीची किंवा नागलीची भाकरी करावी; १०० ग्रॅम नागलीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते आणि नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात ती पिकतेच.

उपवासाचा दिवस सहज निसटतो. साबुदाणा, बटाटा आणि भगर यांवर गेलेल्या दिवशी भाजी शून्य असते, आणि श्रावणात असे दिवस बरेच येतात. घराच्या प्रथेत बसत असेल तर काकडीची कोशिंबीर, लाल भोपळ्याचे दह्यातले भरीत आणि फळे त्या दिवशी ठरवून ठेवावीत.

टप्पा ८. कोणी आधी डॉक्टरांना विचारावे

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना पोटॅशियमची मर्यादा असू शकते, आणि त्यांच्यासाठी वरची ४०० ग्रॅमची संख्या लागू नाही. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असलेल्यांनी पालेभाजीचे प्रमाण अचानक वाढवू नये किंवा बंद करू नये, कारण तिच्यातील के जीवनसत्त्वाने औषधाचा परिणाम बदलतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी पोळी-भात कमी करण्यापूर्वी मात्रेबद्दल विचारावे. गरोदर स्त्रियांनी बाहेरचे कच्चे सॅलड टाळावे, घरचे नीट धुतलेले खावे.

टप्पा ९. महिन्याची तपासणी: तेलाचा डबा आणि मिठाचा पुडा

भाजी वाढली की तेल आणि मीठही सोबत वाढते, आणि मग रक्तदाबावर अपेक्षित परिणाम दिसत नाही. चार मोठ्या माणसांच्या घराचे दिवसाला माणशी २७ ग्रॅमप्रमाणे महिन्याचे तेल-तूप सुमारे सव्वातीन किलो होते. पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर फोडणीचे तेल पळीने ओतण्याऐवजी चहाच्या चमच्याने मोजावे. मिठाची मर्यादा दिवसाला माणशी ५ ग्रॅम, म्हणजे चौघांचे महिन्याला ६०० ग्रॅम, आणि त्यातच लोणचे, पापड, फरसाण, वेफर यांतले मीठही धरलेले आहे. किलोचा पुडा महिनाअखेर रिकामा दिसला, तर पोळीच्या कणकेतले आणि भाताच्या पाण्यातले मीठ सर्वांत आधी बंद करावे. दोन-तीन आठवड्यांत जिभेला त्याची सवय होते, आणि ताटाच्या डाव्या बाजूला वाढलेले सुटे मीठ त्यानंतर काढून घेणे सोपे जाते.